संगणकावरील रण आणि नवशिक्याची कसोटी

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे अठरा-वीस किलोमीटरवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. चैत्र पौर्णिमेस सासनकाठ्या नाचवीत, गुलाल-खोबरे उधळीत लाखो भाविक येथे जमतात. जोतिबाने, म्हणजेच केदारनाथाने, या परिसरात रत्नासुराचा वध केला अशी लोकश्रद्धा आहे. डोंगरावरून पश्चिमेकडे दृष्टी टाकली की पन्हाळा दिसतो. शिलाहार राजा दुसरा भोज याच्याशी त्या गडाची उभारणी जोडली जाते आणि १६६० मध्ये सिद्दी जौहरने त्यालाच वेढा घातला होता. देव, दैत्य, डोंगर, गड आणि वेढा अशी संगणकावरील काल्पनिक युद्धखेळाला लागणारी सारी सामग्री या एका टापूत आहे. घरातील मुले मात्र ती सामग्री परक्या नावांच्या राज्यांत शोधतात आणि पहिल्याच डावात हरून, चिडून संगणक बंद करतात.

त्या चिडण्यामागे नेमके काय असते, हे वडील माणसांनी समजून घेतले तर पुष्कळ गैरसमज दूर होतील. खेळ म्हटला की व्यसन, हा एक टोकाचा समज आणि खेळ म्हटला की निव्वळ करमणूक, हा दुसऱ्या टोकाचा. पाळीपाळीने खेळावयाचे डावपेचांचे खेळ या दोन्ही टोकांच्या मध्ये कोठेतरी येतात.

कोणता हा खेळ?

उदाहरणादाखल ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा खेळ घेऊ. डेव्हिड व्हाइट या प्रोग्रामरने २००३ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध केला आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढविला. त्याचा मूळ संगणकीय मजकूर सर्वांस खुला आहे आणि संगणकावर तो विनामूल्य मिळतो. वेसनॉथ नावाचे काल्पनिक राज्य, त्यातील मानव, वनवासी एल्फ, बुटके ड्वार्फ, राक्षसी ऑर्क आणि मृतांचे सैन्य यांच्यातील संघर्ष हा त्याचा विषय. पट षटकोनी घरांचा असतो. एका बाजूने आपले सगळे सैनिक हलवावेत, मग दुसऱ्या बाजूने हलवावेत, असा क्रम चालतो. घाई नाही, बोटांची चपळाई नाही. विचार करावयास हवा तेवढा वेळ मिळतो.

हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांच्या चतुरंगापासून बुद्धिबळ घडले आणि भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे शेजारचे सांगली हे गाव त्या खेळाचे माहेरघर मानले जाते. वेसनॉथचा नवशिक्या बहुधा बुद्धिबळाची सवय घेऊनच बसतो. त्याची पहिली निराशा तेथूनच सुरू होते.

पहिली अडचण : नशीब

बुद्धिबळात घोड्याने प्यादे मारले की ते मेलेच. वेसनॉथमध्ये तसे नाही. सैनिक ज्या जमिनीवर उभा असेल तिच्यावर त्याला घाव लागण्याची शक्यता ठरते. उघड्या माळावरील एल्फला घाव लागण्याची शक्यता शंभरात साठ असते, तर झाडीत शिरलेल्या एल्फला ती तीस ते चाळीसपर्यंत उतरते. माळावर जोमाने दौडणारे घोडदळ अरण्यात अडखळते आणि तेथे त्याला घावही अधिक बसतात.

नवशिक्या साठ टक्के हा आकडा पाहतो आणि विजय खिशात आहे असे समजतो. तीन घाव घालतो आणि तिन्ही फुकट जातात. खेळ लबाडी करतो अशी त्याची खात्री पटते. हिशेब मात्र निराळे सांगतो. घाव चुकण्याची शक्यता चाळीस टक्के असेल, तर तिन्ही घाव चुकण्याची शक्यता सुमारे साडेसहा टक्के येते. म्हणजे अशा शंभर हल्ल्यांत सहा-सात वेळा हे घडणारच. एका मोहिमेत शेकड्यांनी हल्ले होतात. तेव्हा ही लबाडी नसून नेमाने येणारी आपत्ती आहे.

व्यापारी घराण्यास हे समजावून सांगावे लागत नाही. शंभर गिऱ्हाइकांस उधार दिले तर काही रक्कम बुडणार, हे पेढीवरचा जाणता माणूस आधीच गृहीत धरतो. तो उधारी बंद करीत नाही आणि बुडीत रकमेबद्दल दैवाला शिव्याही देत नाही. एकाच गिऱ्हाइकावर सारी पेढी टांगावयाची नाही, एवढी दक्षता तो घेतो. वेसनॉथचा अनुभवी खेळाडू हेच करतो. हा घाव चुकला तर आपला सैनिक कोठे उघडा पडेल, हे तो घाव घालण्यापूर्वी पाहतो.

दुसरी अडचण : रोकड

दुसरा फटका खजिन्याचा. आरंभी मिळालेल्या सोन्यातून नवशिक्या जेवढे येतील तेवढे सैनिक भरती करतो आणि सर्वांस एकदम पुढे लोटतो. चार पाळ्यांनंतर खजिना रिकामा, सैनिक जखमी आणि नवी भरती अशक्य, अशी त्याची अवस्था होते.

नियम सोपा आहे. नेत्याला दर पाळीस दोन सुवर्णमुद्रा मिळतात आणि ताब्यातील प्रत्येक गाव आणखी भर घालते. प्रत्येक सैनिकाचा मात्र त्याच्या पातळीइतका खर्च असतो आणि गावे त्यातील काही भार उचलतात. समजा गावे पाच आहेत आणि प्रत्येक गाव दोन मुद्रा देते व एका पातळीचा खर्च सोसते. मग मिळकत बारा आणि पहिल्या पातळीचे पाच सैनिक बिनखर्चाचे. सैनिक आठ असतील तर उरलेल्या तिघांचा खर्च वजा जाऊन हाती नऊ राहतात. गावे न जिंकता सैन्य फुगविणे म्हणजे गिऱ्हाईक नसताना माल भरून गोदामाचे भाडे भरीत बसणे. गुळाच्या पेठेत किंवा हुपरीच्या चांदीच्या व्यवसायात वाढलेल्या मुलास हे गणित कोणी नीट दाखविले तर ते लगेच उमजेल. बहुतेक वेळा ते दाखविणाराच कोणी नसतो आणि मुलगा लढाईत हरलो असे समजतो. वस्तुतः तो खातेवहीत हरलेला असतो.

तिसरी अडचण : भूमी आणि वेळ

या खेळात दिवस-रात्रीचे चक्र सहा पाळ्यांत पूर्ण होते. काही सैनिक दिवसा पंचवीस टक्के अधिक जोराने लढतात आणि रात्री तितकेच दुबळे होतात. ऑर्क व मृतांचे सैन्य याच्या उलट. नवशिक्या दुपारी निघतो, रात्री शत्रूच्या दारात पोहोचतो आणि मार खातो. मागे सरणे म्हणजे भ्याडपणा, असे त्याला वाटते. जाणता खेळाडू संध्याकाळी शहाणपणाने मागे सरतो, टेकडी किंवा गाव धरून बसतो आणि पहाट झाली की चाल करतो.

आणखी एक नियम नवशिक्याला चक्रावून सोडतो. शत्रूच्या लगतच्या घरात पाऊल पडले की बहुतेक सैनिकांची चाल तेथेच थांबते. त्यामुळे योग्य जागी उभे केलेले दोन-तीन सैनिक मोठ्या फौजेची वाट अडवू शकतात. नियमावली वाचून हे डोक्यात शिरत नाही. पन्हाळ्याची कथा आठवली की शिरते. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बाजीप्रभू देशपांडे यांनी मूठभर मावळ्यांसह घोडखिंड रोखून धरली. खिंड अरुंद नसती तर तेवढ्या माणसांना ते साधले नसते. रात्र, पाऊस, डोंगर आणि अरुंद वाट यांचा हिशेब त्या प्रसंगात एकत्र आला होता. जोतिबाच्या डोंगरावर उभे राहून समोरचा गड आणि मधली दरी पाहणाऱ्या मुलाला पटावरील टेकडीचे मोल शब्दांवाचून कळते.

खोडलेली नोंद

सर्वांत अवघड कसोटी याहून वेगळी आहे. मोहिमेतील सैनिक लढता लढता अनुभव मिळवतो, वरची पातळी गाठतो आणि पुढच्या लढाईतही सोबत येतो. तो मेला की कायमचा गेला. पाच लढाया सांभाळलेला सैनिक एका चुकीच्या चालीने जातो, तेव्हा नवशिक्या जुना साठविलेला डाव पुन्हा उघडतो आणि घडलेले न घडल्यासारखे करतो. मग तेच पुन्हा करतो, आणखी एकदा करतो. मोहीम जिंकली जाते, पण शिकणे थांबते. धोका कोठे होता हे त्याला कळत नाही, कारण धोक्याची किंमत त्याने कधी भरलेलीच नसते.

नियमाने याला मनाई नाही आणि पहिल्या आठवड्यात नवशिक्याने तसे केल्यास दोष देण्याचे कारणही नाही. तरीही रोजकीर्द लिहिणाऱ्या घरात यावर बोलणे व्हावे. वहीत तोट्याची रक्कम खोडीत नाहीत. ती तशीच राहू देऊन पुढील पानावर मार्ग काढतात. तोटा नोंदवून उठणे ही विद्या ज्याला लहानपणी साधली, तो पुढे पहिल्या खऱ्या तोट्यात कोलमडत नाही. बाजारातील पहिला फटका बसल्यावर तो लपविण्यासाठी दुसरा धोका पत्करणारे तरुण अनेक घरांनी पाहिले आहेत. खेळातील पराभव स्वस्त असतो. तो स्वस्तात मिळत असताना शिकून घेणेच हिताचे.

पिठाचा कोंबडा

येथे श्रावकाच्या घरातील खरा प्रश्न उभा राहतो. हे सारे युद्धच आहे. पडद्यावर तलवार चालते, सैनिक पडतो. कोणाचाही प्राण जात नाही, हे खरे. पण एवढ्याने विषय संपतो काय?

यशोधराची कथा जैन परंपरेत शतकानुशतके सांगितली गेली आहे. सोमदेवसूरींनी ती संस्कृतात, पुष्पदंताने अपभ्रंशात आणि जन्नाने कन्नडात लिहिली. राजा यशोधर जीवहत्येस नकार देतो, पण आई चंद्रमतीच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा बळी देतो. कोंबडा निर्जीव होता, संकल्प मात्र वधाचा होता. त्यामुळे मायलेकरांस पशुयोनींत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. या कथेपुढे ‘ते नुसते चित्र आहे’ हा युक्तिवाद अपुरा पडतो. द्रव्यहिंसा नसली तरी भावहिंसा असू शकते, हीच या कथेची शिकवण आहे.

दुसरी बाजूही याच परंपरेत आहे. आचार्यांनी हिंसेचे मूळ कषायांत पाहिले आहे. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद करून संकल्पी हिंसा सर्वथा त्याज्य मानली. संरक्षणार्थ घडणाऱ्या विरोधी हिंसेचा विचार वेगळा केला. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती घडविणारा चामुंडराय सेनापती होता. कोल्हापुरात रूपनारायण बसदी बांधणारा निंबदेव शिलाहार गंडरादित्याचा सामंत होता. आपल्या घरांत बुद्धिबळाच्या पटावर ‘वजीर मारला’ असे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले आणि त्यात कोणास हिंसानंद दिसला नाही. मात्र बुद्धिबळातील प्यादे कण्हत नाही. पडद्यावरील सैनिक कण्हतो, हा भेद नाकारता येत नाही.

म्हणून कसोटी पडद्यावर लावण्याऐवजी मुलाच्या चित्तावर लावावी. डाव संपल्यावर तो कशाबद्दल बोलतो? खिंड कशी रोखली, गावे कशी राखली, यावर बोलत असेल तर त्याचे मन डावपेचात आहे. कोणाला कसे ठेचले याचेच रसभरित वर्णन चालले असेल, हरल्यावर धाकट्या भावंडांवर हात उगारला जात असेल, तर तो कषायाचा उद्रेक आहे आणि तेव्हा खेळ बाजूला ठेवणेच उचित. ज्या घरास असा खेळ नकोच वाटतो, त्या घराचा निर्णयही आदरास पात्र आहे. परंतु निर्णय विचारपूर्वक व्हावा आणि मुलाला त्याचे कारण सांगितले जावे.

घराने काय करावे?

एक भेद सर्वांनी ध्यानी ठेवावा. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ हे सरळ द्यूत आहे आणि सप्तव्यसनांत त्याचे नाव पहिले येते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदाही संमत केला. डावपेचांचे विनामूल्य खेळ त्या वर्गात मोडत नाहीत; तरी वेळ हेही धनच आहे आणि ‘आणखी एक पाळी’ म्हणता म्हणता रात्र सरते. म्हणून उठण्याची वेळ बसण्याआधीच ठरवावी.

नवशिक्याने खेळातील शिकवणीचा भाग टाळू नये आणि मोहीम निवडताना सर्वांत सोपी निवडावी. एक वही जवळ ठेवून प्रत्येक डावानंतर तीन ओळी लिहाव्यात : काय योजले होते, काय घडले, पुढच्या वेळी काय बदलावयाचे. हा खेळ एकाच संगणकावर आळीपाळीने दोघांना खेळता येतो. आजोबांनी शेजारी बसून ‘गावे किती, खर्च किती?’ एवढेच विचारले तरी नातवाचा अर्धा राग निवळेल. आजोबांना एल्फ आणि ऑर्क यांतला फरक कळला नाही तरी चालेल. मिळकत आणि खर्च यांतला फरक त्यांना नातवापेक्षा अधिक कळतो आणि पहिल्या डावात नवशिक्याला उणीव भासते ती त्याचीच.