रातकिड्याचं घड्याळ थांबवताना

दिवेलागणीला घरातल्या कुठल्यातरी सांदीतून रातकिडा किरकिरू लागतो. आपल्याला वाटतं, अंधार पडला म्हणून. पण त्याला दिवसरात्र काळोखात ठेवलं, तरी तो रोज जवळपास त्याच सुमाराला हिंडायला लागतो. वेळ मोजणाऱ्या पेशी त्याच्या डोक्यातच असतात, डोळ्यांमागच्या मेंदूच्या भागात.

असं घड्याळ कशावर चालतं, ते आधी फळमाशीने शिकवलं. १९७१मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना वेळेचं भान बिघडलेल्या माश्या सापडल्या. काहींचा दिवस १९ तासांचा, काहींचा २८ तासांचा, काहींना लयच नाही. तिन्ही दोष ‘पिरियड’ या एकाच जनुकातले निघाले. पण बिघडलेले किडे असे पिढ्यान्‌पिढ्या वेचत बसणं रातकिड्याच्या बाबतीत फार अवघड.

वाट मोकळी झाली ती १९९८मध्ये, अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांच्या शोधामुळे. जनुकाचा निरोप पेशीत एकपदरी आरएनए घेऊन जातो. त्याच मजकुराचा दुपदरी आरएनए टोचला, की पेशी त्याचे बारीक तुकडे करते आणि ते तुकडे ताडून जुळणारे निरोप कापत सुटते. जनुक शाबूत राहतं, त्याचं म्हणणं मात्र पोहोचत नाही.

जपानच्या ओकायामा विद्यापीठात योशियुकी मोरियामा, केंजी तोमिओका आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये रातकिड्यांचं ‘पिरियड’ असं गप्प केलं. काळोखात त्यांची लय मोडली. ही परीक्षा काळोखातच घ्यावी लागते. दिवे लावले-मालवले, तर घड्याळ बंद पडलेला किडाही उजेडाच्या तालावर वागतो आणि बिघाड झाकला जातो.

मग पाळी आली ‘टाइमलेस’ची. फळमाशीत हे जनुक निकामी झालं की लय संपते. रातकिड्यात ते गप्प केलं, तर लय टिकली, नुसता दिवस थोडा आखूड झाला. मला हा निकाल सर्वांत मोलाचा वाटतो. माशीत सापडलेला नियम सगळ्या कीटकांना लावून मोकळं होता येत नाही, हे त्या किड्यानेच दाखवलं.

ओसाकातल्या संशोधकांनी शेंगांचा रस शोषणाऱ्या एका ढेकणावर हीच युक्ती चालवली. दिवस आखूड झाले की त्याची मादी अंडी वाढवणं थांबवते आणि थंडी तशीच काढते. ‘पिरियड’ गप्प केल्यावर मात्र आखूड दिवसांतही तिच्या पोटात अंडी वाढू लागली.