घामेजलेले तळहात आणि विजेचा प्रवाह

भोरला प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी एक विद्यार्थी हाताखाली रुमाल धरून लिहीत होता. मला कॉपीचा संशय आला. जवळ जाऊन पाहतो तो रुमाल घामाने चिंब! कागदावरची शाईही पसरली होती. हा भित्रेपणा नव्हे. काही जणांच्या तळहातांतील घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंकडून वाजवीपेक्षा जास्त आज्ञा मिळतात.

यावरचा एक उपाय तुमच्या ओळखीचा, विद्युतशास्त्रातला आहे : आयन्टोफोरेसिस. दोन उथळ तबकांत साधे पाणी घेतात, प्रत्येकात एक विद्युत-अग्र ठेवतात आणि एकेक तळहात बुडवतात. मग १५ ते २० मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाह सुमारे २० मिनिटे सोडतात. आठवड्यातून तीनदा असे केल्यास काही आठवड्यांत बहुतेकांचा घाम कमी होतो. उपचार थांबला की तो परततो, म्हणून ही यंत्रे घरीही वापरतात. ग्रंथी नेमकी कशामुळे गप्प बसते, यावर मात्र शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

पाण्यातून वीज नेतात ते विरघळलेल्या क्षारांचे आयन. वेल्ह्याला पागोळीखाली धरलेल्या पाण्यात क्षार फारच थोडे. तेथे चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा लागेल. विहिरीच्या पाण्याला सहसा तशी गरज नाही.

आता प्रवाहाची वाट बोटाने काढून पाहा. तबक, तळहात, दंड, छाती, दुसरा दंड, दुसरे तबक. वाटेतच हृदय आहे! ओल्या हातांनी शरीराचा रोध १००० ओहम धरा. १५ मिलिअँपिअरसाठी ओहमच्या नियमाने १५ व्होल्ट पुरतात. घरातल्या प्लगचे २३० व्होल्ट मिळाले तर? २३० मिलिअँपिअर! प्लगमधला प्रत्यावर्ती प्रवाह छातीतून गेला, तर याच्या निम्म्यानेही माणूस दगावू शकतो. म्हणून चार्जरच्या तारा कापून असले यंत्र घरी मुळीच बनवू नका. चार्जरच्या आतले विद्युतरोधन बिघडले, तर प्लग आणि तुमचे हृदय यांत काहीच आडवे उरत नाही.

तयार यंत्रही त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावे. पेसमेकर असलेल्यांना व गर्भवतींना ते वर्ज्य आहे. अंगठी काढावी, जखमेवर व्हॅसलीन लावावे. प्रवाह सावकाश वाढवावा, सावकाश उतरवावा. मध्येच हात उचलला तर झटका बसतो.

प्रयोगशाळेत मात्र दोन चंचुपात्रे, कार्बनच्या कांड्या, ९ व्होल्टची बॅटरी आणि मिलिअमीटर घ्या. एकात पागोळीचे पाणी, दुसऱ्यात विहिरीचे. आकडे वहीत लिहा. हात बाहेरच राहू द्या.