बेशुद्ध मेंदूवरचा पहारा

मोठा पक्षाघात झाला की सीटी स्कॅनवर मेंदूचा गेलेला भाग दिसतो. पण तो त्या घटकेचा फोटो. शेजारचा, अजून वाचू शकणारा भाग पुढच्या दोन-तीन दिवसांत तगतोय की तोही हातचा जातोय, हे त्यात उमटत नाही. रुग्ण व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधाखाली. "हात उचला" म्हटलं तर उचलणार कोण? अशा वेळी मेंदूची क्षणाक्षणाची खबर देतो तो खाटेशेजारी अखंड चालणारा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत प्रवाहांची नोंद.

मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते निम्म्यावर आलं की ईईजीतल्या जलद लहरी विरू लागतात आणि सेकंदाला चारपेक्षा कमी वेळा उठणाऱ्या संथ डेल्टा लहरी पसरतात. रक्त १५-१८ मिलिलिटरपर्यंत घटलं की रेघ जवळजवळ सपाट होते. पेशी मरू लागतात त्या मात्र त्याहूनही खाली, १०-१२च्या आसपास. या दोन आकड्यांमधल्या पेशी मुक्या झालेल्या असतात, मेलेल्या नसतात. सारी धडपड त्यांच्यासाठी.

येना इथले जर्मन डॉक्टर हान्स बेर्गर यांनी माणसाच्या मेंदूतले हे प्रवाह १९२४ मध्ये प्रथम नोंदवले आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. प्रवाह फारच क्षीण, दहा ते शंभर मायक्रोव्होल्टच्या घरातले. त्यामुळे ही नोंद मिळवणं हेच मुळात कसबाचं काम आहे, आणि ते करणाऱ्या टेक्निशियनचं नाव सहसा कुणी घेत नाही. टेपने डोकं मोजायचं, पेन्सिलने खुणा करायच्या, त्वचा घासून स्वच्छ करायची, पेस्ट लावून एकेक इलेक्ट्रोड बसवायचा. सूज उतरावी म्हणून कवटीचा तुकडा काढलेला असेल तर जखम टाळून जागा बदलायची. तिथे हाड नसल्याने लहरी उंच दिसतात. ते ठाऊक नसलं तर वाचणारा फसतो. व्हेंटिलेटर, सलाईनचा पंप, विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची घरघर, सगळं त्या रेघांत घुसतं. कफ सुटावा म्हणून छाती थोपटली तरी पडद्यावर हुबेहूब फिट आल्यासारखं दिसू शकतं.

खरी फिट मात्र अनेकदा बाहेरून दिसतच नाही. हात-पाय निश्चल, चेहरा शांत, आणि आत मेंदूत वादळ. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये ५७० रुग्णांच्या अखंड नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. त्यात पक्षाघाताखेरीज इतर आजारांचेही रुग्ण होते. १९ टक्क्यांना फिट्स आढळल्या, आणि त्यांतल्या ९२ टक्के जणांत त्या शरीरावर न उमटणाऱ्या होत्या. बहुतेक पहिल्या चोवीस तासांत सापडल्या. गाढ बेशुद्धीत असलेल्यांना अधिक काळ जोडून ठेवावं लागलं. नेहमीचा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो. तेवढ्यावर "फिट नाही" असं नातेवाइकांना सांगणं मला धोक्याचं वाटतं.

डोक्याच्या त्वचेवरून न कळणारंही बरंच काही आत घडतं. आरिस्तिदेस लेआंव या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये सशाच्या मेंदूत एक लाट वर्णन केली. मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर सरकणारी ही लाट जाईल तिथे पेशींची विद्युत हालचाल बंद पाडते. शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची पट्टी ठेवल्यावर पक्षाघाताच्या रुग्णांतही तीच लाट दिसली. आधीच उपाशी असलेल्या पेशींना ती आणखी खंगवते.

मग नुसत्या पहाऱ्याने जीव वाचतात का? स्वित्झर्लंडमधल्या चार रुग्णालयांनी शुद्ध हरपलेल्या रुग्णांत हे तपासलं. अखंड नोंदीत १५.६ टक्क्यांना फिट्स सापडल्या, वीस मिनिटांच्या दोन तपासण्यांत ४.४ टक्क्यांना. सहा महिन्यांनंतरचे मृत्यू मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच, निम्म्याच्या आसपास. म्हणून पहारा व्यर्थ, असं मी म्हणणार नाही. सापडलेल्या प्रत्येक फिटवर किती जोराने औषध द्यायचं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. आणि रात्री तीनला आलेली फिट सकाळी आठला वाचली गेली, तर मधले पाच तास गेलेच. तासन्‌तासांची नोंद एका रंगीत पट्ट्यात दाखवणारे आलेख आता उपलब्ध आहेत. रात्रपाळीच्या सिस्टर ते वाचायला शिकू शकतात, आणि शंका आली की मूळ नोंद घरी असलेल्या न्यूरॉलॉजिस्टच्या पडद्यावर पोचवता येते. नवं यंत्र घेणाऱ्या रुग्णालयाने या शिकवणीचे पैसे त्याच बजेटमध्ये धरायला हवेत.