बेकार झालेली शिकारी

तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडला जुन्या घरांत मांजर कोणी मुद्दाम पाळत नसे, ती असायचीच. एका खोलीत छतापर्यंत कापूस, दुसरीत ज्वारी-तुरीची पोती, वर कवेलू. उंदरांना तोटा नव्हता आणि मांजरीला कामाला. आता घरावर स्लॅब आला, खिडक्यांना जाळ्या लागल्या. गाड्यांच्या आणि कुत्र्यांच्या धाकाने मांजर घरातच राहते, वाटीत आयतं खाते. तरी पहाटे चार वाजता अंगावर उड्या मारते, सोफा फाडते, चालत्या पायाला चावते.

तिला माज आलेला नसतो. पोट भरलं म्हणून मांजरीची शिकारीची ओढ संपत नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने 2021 मध्ये बाहेर हिंडणाऱ्या पाळीव मांजरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकांनी रोज 5 ते 10 मिनिटं खेळवल्यावर त्यांनी घरी आणलेल्या शिकारीत 25 टक्क्यांनी घट झाली. म्हणजे खोटी शिकारसुद्धा तिला काही अंशी पुरते.

त्यासाठी महागडी खेळणी नकोत. काठीला दोरी, दोरीला चिंधी. ती जमिनीवरून उंदरासारखी सरपटवा, पलंगाआड दडवा, अधूनमधून पकडूही द्या. खेळ संपला की खायला द्या, कारण शिकारीनंतर जेवण हाच तिचा क्रम. हा खेळ रात्री झोपण्यापूर्वी केला तर पहाटेचा धिंगाणा बराच कमी होतो. दोरी मात्र उचलून ठेवा. गिळलेला दोरा आतड्यात अडकतो. नुसत्या हाताने खेळवू नका, हात म्हणजे भक्ष्य असं ती शिकते. (नख किंवा दात लागलाच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. हळद-तिखट भरू नका.)

नखं घासणं ही तिची गरज आहे, त्यासाठी मारू नये. सोफ्याशेजारी सुतळी गुंडाळलेला लाकडाचा ठोकळा उभा करा. तो हलता कामा नये. बसायला उंचावर एखादी फळी द्या; वरून घरावर नजर ठेवणं तिला आवडतं.

मांजर शिकत नाही हा समज खोटा. जपानमधल्या 2019 च्या एका अभ्यासात मांजरींना स्वतःचं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखता आलं. नाव घेऊन हाक मारा, आली की लगेच घास द्या. पिंजऱ्याची सवयही अशीच लावावी. तो एरवीही घरात उघडा ठेवा, आत जुनं गोधडं घाला, अधूनमधून तिथेच खाऊ द्या.

ही सवय किती मोलाची, ते बोक्याची लघवी अडली की कळतं. कंटाळा आणि ताण यांनी मांजरीच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते, आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती तुंबते. बोका वारंवार बसतो, कुंथतो, थेंब येत नाही. घरचे बद्धकोष्ठ समजून तेल पाजतात. दोन-तीन दिवसांत तो दगावू शकतो. वेदनेवर माणसाची पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये, मांजरीला ती विष आहे. त्याच दिवशी तेल्हाऱ्याला नाहीतर अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत न्यायचं, तर बोका पिंजऱ्यात मुकाट बसला पाहिजे.