खर्ड्याची वही आणि सिम नसलेला फोन



आजच्या भागात बचत नाही, कर्ज नाही आणि लोणच्या-पापडाचं मार्केटिंगही नाही. आज बोलायचं आहे लिहिण्याबद्दल. रेडिओवर बोलायचं तर आधी चार ओळी कागदावर हव्यात, आणि आपल्या गटातल्या बायकांचं घोडं तिथेच अडतं. सांगायला खूप असतं, आवाजही खणखणीत असतो. “ताई, लिहून आणा,” म्हटलं की महिना जातो, दोन महिने जातात, कागद काही येत नाही.

हे आळसामुळे होतं असं आम्हाला वाटत नाही. आमच्याकडच्या बहुतेक जणी लिहायला फोनच घेतात, कारण हाताशी तोच असतो. दोन ओळी होतात न होतात तोच गटाच्या व्हॉट्सॲपवर हप्त्याचा मेसेज येतो. तो बघेपर्यंत बहिणीचा फोन. तो ठेवेपर्यंत मुलगा म्हणतो, “आई, अभ्यासाचा व्हिडिओ बघायचाय, दे इकडे.” संध्याकाळी फोन परत हातात येतो तेव्हा आपण काय सांगत होतो त्याचा धागा तुटलेला असतो.

निफाडकडच्या आमच्या एका ताईंना आपल्या सातबाऱ्याबद्दल बोलायचं होतं. नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावायची सोय आपल्या राज्यात १९९२ पासून आहे. लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात तिला. ताईंनी ते नाव लावून घेतलं होतं. त्यासाठी घरात काय बोलणी झाली, तलाठ्याकडे किती खेपा झाल्या, हे सगळं त्यांनी फोनमध्ये थोडंथोडं लिहिलं. मग घरात नवीन फोन आला, जुना विकला गेला आणि लिहिलेलं त्याच्याबरोबर गेलं. ज्या बायकांना ते ऐकून आपलंही नाव लावावंसं वाटलं असतं, त्यांच्यापर्यंत ते त्या वर्षी पोचलंच नाही. म्हणून लिहायचं साधन वेगळं असावं, हा आजचा विषय.

फक्त लिहिण्यासाठी यंत्र

आपलीच ही तक्रार आहे असं समजू नका. जगभर लिहिणाऱ्या लोकांना हाच त्रास आहे आणि त्यावर यंत्रंही निघाली आहेत. अमेरिकेत केतन कोठारी आणि जो बॅरस हे दोन इंजिनिअर आधी ॲपल कंपनीत होते. त्यांनी १९९३ मध्ये ‘अल्फास्मार्ट’ नावाचं यंत्र बाजारात आणलं, मुख्यतः शाळकरी मुलांसाठी. एक कीबोर्ड, वर चार-सहा ओळींची छोटी पट्टी, बस्स. त्यावर ना गाणी, ना चित्रं. पुढच्या ‘निओ’ मॉडेलला घड्याळ-रिमोटला लागतात तसे तीन सेल लागायचे आणि त्यावर ते सातशे तास चालतं असं कंपनी सांगायची. लिहिलेलं आपोआप साठायचं. मग केबलने संगणकाला जोडलं की मजकूर तिकडे उतरायचा. २०१३ मध्ये ते बनणं बंद झालं, तरी कितीतरी लेखक जुनी यंत्रं शोधून घेतात.

जपानमध्ये किंग जिम कंपनीने २००८ मध्ये घडी घालून पिशवीत टाकता येईल असं ‘पोमेरा’ काढलं, तेही त्यांच्या स्वतःच्या लिपीसाठी. अमेरिकेत २०१४ मध्ये ‘फ्रीराइट’ची घोषणा झाली. त्याचा पडदा कागदासारखा, डोळ्यांवर न चमकणारा असतो. किंमत मात्र आपल्या पैशांत तीस हजारांच्या पुढे. गटातून तेवढं कर्ज काढायचं तर शिलाई मशीन आधी येईल, आणि ते बरोबरच आहे.

आपल्याकडे हे काम एकेकाळी टाइपरायटर करायचा. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात बनलेला टाइपरायटर आणला. मराठी टंकलेखनाच्या परीक्षेसाठी आपल्या कितीतरी आत्या-मावश्यांनी त्यावर बोटं झिजवली. त्या यंत्रावर लिहिण्यापलीकडे दुसरं काहीच करता येत नव्हतं, ही गोष्ट इथे महत्त्वाची.

ही यंत्रं उपयोगी का पडतात?

लिहिण्यात दोन कामं असतात. एक, मनातलं बाहेर काढणं. दोन, बाहेर आलेलं नीट करणं. धान्य निवडणं आणि दळणं आपण एका वेळी करत नाही. आधी निवडून घेतो, मग जात्यावर बसतो. लिहिताना मात्र आपण एक वाक्य लिहितो, लगेच ते खोडतो, वेलांटी पहिली की दुसरी यावर अडतो, मग कुणाला तरी विचारायला फोन उघडतो आणि तिथेच अर्धा तास जातो.

साध्या यंत्रावर मागे जाऊन सारखं सजवत बसणं अवघड असतं, म्हणून माणूस पुढे लिहीत राहतो. जे तयार होतं त्याला खर्डा म्हणायचं. खर्डा ओबडधोबड असतो आणि तसाच असायला हवा. शुद्धलेखन, क्रम, काटछाट हे सगळं नंतर, दुसऱ्या दिवशी.

आपल्याला परवडेल असं काय?

पहिलं साधन वही. दोनशे पानी, शिवलेली, सुटी पानं नसलेली. ती फक्त खर्ड्याची. त्यात किराणा नाही, भिशीचा हिशेब नाही, मुलांची चित्रं नाहीत. डाव्या पानावर लिहा, उजवं कोरं सोडा. नंतर आठवलेलं आणि सुधारलेलं उजवीकडे जातं. वहीला चार्जिंग लागत नाही, आणि द्राक्षबागेत थिनिंगला गेलेली बाई दुपारच्या सुट्टीत झाडाखाली बसून तिच्यात लिहू शकते.

दुसरं साधन जुना फोन. नवीन आला की जुना कपाटात पडतो, तोच काढा. आधी बॅटरी बघा. मागचं झाकण उचललेलं किंवा बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन चार्जिंगला लावू नका, धोका असतो. फोन ठीक असेल तर जुनी माहिती पुसून घ्या आणि सिम काढा. एकदाच नेट जोडून मराठी कीबोर्ड आणि साधं नोंदवहीचं ॲप घ्या. मग विमानाचं चिन्ह असलेलं बटण चालू करून ठेवा. आता त्यावर फोन येत नाही, मेसेज येत नाही. आपल्यापुरतं अल्फास्मार्ट तयार झालं. बोलून टाइप करायची सवय असेल तर एक लक्षात ठेवा, त्याला बहुतेक फोनमध्ये नेट लागतं. त्याऐवजी फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर ऐकून उतरवा. ज्या ताईंना लिहिता येत नाही त्यांच्यासाठीही हाच मार्ग. त्यांनी बोलावं, गटातल्या दुसरीने जसंच्या तसं उतरवावं.

बोटांना छोट्या पडद्याचा त्रास होत असेल तर फोनला केबलने जोडायचा साधा कीबोर्ड मिळतो. आपल्या एम.जी. रोडवरच्या मोबाईलच्या दुकानांत विचारा. पण पैसे द्यायच्या आधी आपलाच फोन जोडून मराठी अक्षरं उमटतात का ते दुकानातच करून बघा. काही फोनवर उमटतात, काहींवर नाहीत. मुलींना शिकवायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिकवा. त्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. हात एकदा बसला की इंग्रजी अक्षरं जुळवून मराठी लिहायची कसरत संपते, आणि संगणकावरच्या मराठी टायपिंगलाही तेच उपयोगी पडतं.

वेळ कुठून आणायचा?

आम्ही गटात वीस मिनिटांचा नियम केला आहे. आठवड्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, हिशेब लिहून झाला की सगळ्यांचे फोन एका टोपल्यात. मग वीस मिनिटं प्रत्येकीने लिहायचं. थांबायचं नाही, खोडायचं नाही. शब्द सुचला नाही तर तिथे फुली मारून पुढे जायचं. वीस मिनिटांत पान-दीड पान होतं. रेडिओवर आपण मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो, म्हणजे पाच मिनिटांच्या भाषणाला पाच-सहाशे शब्द लागतात. चार बैठकांत ते आरामात होतं. सातबाऱ्याच्या ताईंनी असंच वहीत पुन्हा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलेलं गेलं याची हळहळ त्यांना आहेच, पण भाषण झालं आणि नंतर तीन जणी त्यांना अर्जाचं विचारायला आल्या.

वही कुणाच्या हाती?

ही गोष्ट फारशी बोलली जात नाही, पण महत्त्वाची आहे. काही घरांत बाईची वही उघडून वाचली जाते आणि फोन तपासला जातो. मग ती खरं लिहीतच नाही. अशा मैत्रिणींनी खर्डा घरी न्यायलाच हवा असं नाही. आमच्या गटाच्या लोखंडी पेटीत, रजिस्टरांच्या खाली, अशी बंद पाकिटं असतात. वर फक्त सही. ते पाकीट जिचं तिच्याशिवाय कुणी उघडत नाही, अध्यक्षही नाही. फोनमध्ये लिहीत असाल तर त्याला पिन ठेवा, आणि महिन्यातून एकदा मजकूर दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि दुसऱ्या बाईची गोष्ट सांगायची असेल तर तिला विचारल्याशिवाय नाव-गाव घेऊ नका.

आपल्याच गावची एक बाई

“आम्हाला कुठे लिहिता येतं?” असं म्हणणाऱ्यांना आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची आठवण देतो. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या. जन्म १८६८चा. शाळा पाहिली नाही, लिहा-वाचायला लग्नानंतर शिकल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली, म्हणजे वयाच्या पासष्टीनंतर. घरात जसं बोलतो तशा भाषेत त्यांनी आपलं आयुष्य सांगितलं, आणि आज नव्वद वर्षांनंतरही ते पुस्तक वाचलं जातं. त्यांच्याकडे कसलं यंत्र नव्हतं. सांगायचं होतं आणि ते आपल्याच शब्दांत सांगायचं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. एक वही बाजूला काढा किंवा कपाटातला जुना फोन शोधा. पहिल्या पानावर तारीख टाका आणि ‘मला सांगायचं आहे ते असं’ एवढं लिहून पुढे वीस मिनिटं थांबू नका. अक्षर कसं आहे, वेलांटी चुकली का, याची काळजी करू नका, ते आपण मिळून बघू. खर्डा जसा असेल तसा पुढच्या बैठकीला घेऊन या. कांद्याच्या भावाचं असो, सासरचं असो, सातबाऱ्याचं असो, तुमच्या तोंडून आलेलंच ऐकायला बायका रेडिओ लावतात.