इवल्याशा स्क्रूवर तोललेला दात

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्या उत्तरार्धावर आधुनिक दंतवैद्यकाने एक तोडगा काढला आहे, तो म्हणजे दंतरोपण, अर्थात डेंटल इम्प्लांट. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचा मोठा भाग त्यासाठी खर्च करणारे ग्राहक आज अनेक आहेत. ही गुंतवणूक किती काळ टिकेल, हा प्रश्न त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

माझ्या मनात हा प्रश्न चंडीगड येथे उभा राहिला. बदलीनिमित्त तेथे वास्तव्य असताना एके सकाळी पराठ्याचा घास चावताना रोपण केलेली दाढ किंचित हलल्याचे जाणवले. रोपण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात झाले होते. सारा खर्च पाण्यात गेला, असेच मनाने घेतले. तेथील दंतवैद्यांनी क्ष-किरण छायाचित्र पाहिले आणि धीर दिला. ते म्हणाले, “मूळ हाडात भक्कम आहे. सैल झाला आहे तो आतला स्क्रू. वेळेवर आलात, हे बरे झाले.”

तीन भाग, एक जोड

रोपण केलेल्या दाताचे मुख्यतः तीन भाग असतात. हाडात बसणारे टायटॅनियमचे मूळ, त्यावरचा जोडखांब आणि खांबावरचा दाताच्या आकाराचा मुकुट. टायटॅनियम आणि जिवंत हाड एकजीव होतात, हे स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगात आले. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात अशी मुळे बसविली. लार्सन यांचे २००६ मध्ये निधन झाले, तोपर्यंत ती टिकून होती. हाडाने आपले काम चोख बजावले. अभियंत्यांपुढे मात्र वेगळाच प्रश्न होता : मूळ आणि खांब यांची जोड कशी टिकवावी?

ही जोड सहसा सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या स्क्रूवर अवलंबून असते. स्क्रू आवळला की तो अतिसूक्ष्म प्रमाणात ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भागांना एकमेकांकडे खेचून धरतो. चावण्याचा जोर या खेचून धरणाऱ्या बळापेक्षा कमी आहे, तोवर जोड स्थिर राहते. तो अधिक झाला की भाग क्षणभर विलग होतात, स्क्रू हळूहळू उलगडू लागतो आणि सैल स्क्रूवर वाकण्याचा ताण येऊन अखेर तो तुटतो.

हे बळ कमी होण्यास कारणे अनेक. आवळताना लावलेला बहुतांश जोर घर्षणातच खर्ची पडतो. गुळगुळीत भासणाऱ्या धातूवरही सूक्ष्म उंचवटे असतात. ते दबले की ताण काहीसा उतरतो. म्हणून अनेक दंतवैद्य आवळल्यानंतर सुमारे दहा मिनिटांनी स्क्रू पुन्हा आवळतात. हे काम हाताच्या अंदाजाने करून चालत नाही. त्यासाठी जोर मोजणारा पाना वापरतात आणि उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यावरच थांबतात. अनेक प्रणालींमध्ये हा आकडा १५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर असतो. कमी आवळले तर स्क्रू सुटतो आणि अति आवळले तर धातूच थकतो.

षट्कोनापासून शंकूपर्यंत

ब्रोनेमार्क यांच्या मूळ रचनेत रोपणाच्या माथ्यावर केवळ ०.७ मिलिमीटर उंचीचा षट्कोन होता. अनेक रोपणांना एकत्र बांधणाऱ्या कवळीसाठी तो पुरेसा होता. एकट्या दाढेच्या बाबतीत मात्र फिरण्याचा आणि वाकण्याचा भार थेट स्क्रूवर येऊ लागला. पुढे जोड रोपणाच्या आत गेली आणि अनेक रचनांनी शंकूचा आधार घेतला. अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६० च्या दशकात यंत्रात ड्रिल घट्ट बसविण्यासाठी योजलेल्या निमुळत्या जोडीचे तत्त्व येथे कामी आले. शंकू शंकूत रुतला की भार भिंतींवर वाटला जातो आणि स्क्रूला विश्रांती मिळते. शिवाय फट अरुंद राहिल्याने जंतूंना थारा कमी मिळतो.

अशी जोड घडविण्यास अत्यंत अचूक यंत्रकाम लागते. या कलेशी चंडीगडचे नाते जुने आहे. १९५९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना याच शहरात आहे आणि सूक्ष्म यंत्रकामाचे शिक्षण देणारे भारत-स्विस प्रशिक्षण केंद्र १९६३ पासून तिच्याच आवारात आहे. स्वदेशी दंतरोपणाच्या विकासातही या संघटनेने काम केले आहे.

दाताचेही पासबुक हवे

माझी दाढ वाचली, पण एक तास वाया गेला. रोपण कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या मापाचे, याची नोंद माझ्याकडे नव्हती. एका प्रणालीचा स्क्रू दुसरीत बसतोच असे नाही, आणि बसल्यासारखा वाटला तरी नीट जुळत नाही. छायाचित्रावरून ओळख पटविण्यात दंतवैद्यांचा वेळ गेला. मुदतठेवीची पावती जपणारा मी, जबड्यात बसविलेल्या ठेवीची पावती मात्र मागितलीच नव्हती.

म्हणून वाचकांना विनंती की, उत्पादकाचे नाव, प्रतिमान, माप, लॉट क्रमांक आणि जोडखांबाचा प्रकार यांची नोंद असलेले कार्ड अवश्य मागून घ्यावे व इतर महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावे. सुटे भाग पुढेही मिळतील काय, हे आधीच विचारावे. आरोग्य विम्यात दंतोपचार बहुधा अपघाताखेरीज समाविष्ट नसतात, तेव्हा पॉलिसी तपासून घ्यावी. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास दंतवैद्यांना सांगून रात्रीचे संरक्षक आवरण वापरावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दात किंचित हलला तरी दुर्लक्ष करू नये. नैसर्गिक दाताभोवती भार जाणवून देणारा एक नाजूक पडदा असतो. रोपणाभोवती तो नसतो, त्यामुळे वेदना उशिरा कळते. सैल स्क्रू अनेकदा एका भेटीत पुन्हा आवळता येतो, किंवा बदलता येतो. तुटलेला स्क्रू मुळाच्या आतून काढणे मात्र कठीण असते आणि प्रसंगी मूळच गमवावे लागते. चणे हाती आले आहेत, ते चावणारे दातही टिकावेत!