पैनगंगेच्या दोन काठांवरची काळी एक

३१ डिसेंबर २०१३पर्यंत पैनगंगेच्या दोन काठांवर विजेचे ठेके वेगळे होते. पांढरकवडा पश्चिमेच्या जाळ्यात, आदिलाबाद दक्षिणेच्या. नावाला दोघांचीही वारंवारिता ५० हर्ट्झच, पण दोन्ही जाळी आपापल्या तालात चालत. म्हणूनच भद्रावतीच्या केंद्रात वीज आधी एकदिश करून, पुन्हा प्रत्यावर्ती करून रामगुंडमकडे पाठवावी लागे. त्या डिसेंबरात ७६५ केव्हीची रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि सारा देश एका ठेक्यावर आला. बेला, जैनद, आदिलाबादच्या मराठी घरांत नाट्यगीतं आणि भावगीतं वाजवणाऱ्या टर्नटेबलशी विजेच्या या ठेक्याचा थेट संबंध आहे.

जुन्या चांगल्या टर्नटेबलांमधली सिंक्रोनस मोटर विजेच्या आवर्तनांबरोबर फिरते. व्होल्टेज थोडं खाली-वर झालं तरी तिची गती ढळत नाही, पण वारंवारिता उतरली की तीही तेवढीच उतरते. मागणी उत्पादनाच्या पुढे गेली की वीजकेंद्रांची जनित्रं ओझ्याखाली मंदावतात. नव्वदच्या दशकात दक्षिणेच्या जाळ्याची वारंवारिता कित्येकदा ४८ हर्ट्झच्या आसपास घसरायची. म्हणजे चार टक्के घट, आणि मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी ३२ वर. एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर उतरायला साधारण सहा टक्के लागतात. काळी एकमधलं गाणं अशा वेळी पांढरी एककडे निम्म्याहून जास्त वाट उतरून आलेलं असे. प्लेअर बिघडलेला नसतानाही.

हा दोष तबकडीवर ठेवून गती तपासायच्या स्ट्रोब कार्डालाही दिसत नाही. त्या कार्डावर १८० रेघा असतात. ५० हर्ट्झवरचा दिवा सेकंदाला शंभरदा, मिनिटाला ६००० वेळा उजळतो. त्याला ३३⅓ ने भागलं की १८०. गती बरोबर असेल तर रेघा थबकल्यासारख्या दिसतात. पण वारंवारिता घसरली की दिवाही मंद लुकलुकतो, मोटरही मंद फिरते, आणि रेघा थबकलेल्याच राहतात. ज्या विजेवर संशय, तिचीच साक्ष काढण्यासारखं हे आहे. शिवाय आजच्या अनेक एलईडी दिव्यांत पुरेसं लुकलुकणंच नसतं. कार्ड वाचायला जुन्या चोकची ट्यूबलाइट बरी.

त्यापेक्षा घड्याळ खात्रीचं. तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, सुई टेकवा आणि तीन मिनिटं फेरे मोजा. ३३⅓ गुणिले तीन, बरोबर शंभर. ९७ भरले तर तीन टक्के मंद. मग सुई उचलून पुन्हा मोजा. आता शंभर भरले तर मोटर ठीक आहे, सुईच्या घर्षणाने बेल्ट किंवा रबरी चाक घसरतंय. आदिलाबादच्या हवेत हे अगदी संभवतं. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, थंडीत तेलंगणातल्या सर्वांत गार ठिकाणांत या शहराचं नाव येतं. उष्णतेने बेल्ट सैल पडतो आणि रबर कालांतराने कडक होतं, थंडीत जुनं ग्रीस घट्ट होतं. रबरी चाक झिजून लहान झालं म्हणून गती बदलते, हा मात्र गैरसमज आहे. गती ठरते मोटरच्या दांड्याच्या आणि तबकडीच्या कडेच्या व्यासांवरून. मधलं चाक फक्त हालचाल पुढे नेतं. ते घसरतं तेव्हाच गती जाते. आणि गाणं दर १.८ सेकंदांनी डुलत असेल, तर ते एका फेऱ्याचं डुलणं आहे: रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही, नाहीतर ती वाकलेली आहे. तिथे बेल्ट बदलून काही होत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या प्लेअरचं दुखणं निराळं. तिथली वीज ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज ११० वर आणता येतं, वारंवारिता नाही. सिंक्रोनस मोटर इथे सहाऐवजी पाच फेरे घेते, ३३⅓ चे २७.८ होतात आणि गाणं तीन पट्ट्यांहून थोडं जास्तच खाली येतं. त्याला मोटरवर मूळ पुलीच्या सव्वापटीहून जरा कमी, नेमकी १.२ पट व्यासाची पुली हवी. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ नियंत्रणाच्या प्लेअरना हा त्रास नाही. डीसी मोटरच्या बुडाशी बहुधा बारीक भोक असतं. आतला स्क्रू किंचित फिरवून गती जुळवता येते.

जुन्या रेकॉर्डांची गोष्ट अवघड आहे, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हा मिनिटाला ७८ फेरे ही गती ठरलेलीच नव्हती. त्या काळातल्या रेकॉर्ड साधारण ७० ते ८० च्या दरम्यान कुठेही कापल्या जात. पुढे अमेरिकेत मिनिटाला ३६०० फेरे घेणाऱ्या मोटरला ४६:१ गिअर लावून ७८.२६ आले. आपल्या ५० हर्ट्झच्या स्ट्रोबवर ७७ रेघांनी ७७.९२ येतात. म्हणून अशी जुनी रेकॉर्ड आंधळेपणाने ७८ वर लावू नये. साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर सूर पट्टीवर नीट बसेल अशी गती शोधावी. ७८ वरचा सूर साडेत्र्याहत्तरच्या सुमारास बरोबर एक पट्टी खाली जातो, त्यामुळे दोन गती जुळलेल्या वाटू शकतात. तिथे गायकाचा आवाज, त्याच्या तानेची चाल आणि त्याची ठाऊक असलेली पट्टी पाहून निवड करावी. डिजिटल करताना निवडलेली गती फाइलच्या नावातच लिहावी. रेकॉर्ड पुढे फुटली तरी ऐकणाऱ्याला गती बदलून पाहता येईल.